शेपटीचा हिशेब : आमची वाटचाल

होटगी रोडवरच्या दोन खोल्यांत जुना एचपीएलसी (द्रावणातले घटक वेगळे करून मोजणारे यंत्र) बसवून आम्ही प्रयोगशाळा थाटली, तेव्हा सोलापुरात नमुने तपासून देणारे होते. पीकच्या, म्हणजे यंत्राच्या आलेखावर प्रत्येक घटकासाठी उठणाऱ्या उंचवट्याच्या, आकाराचे गणित मांडून देणारे मात्र आमच्या माहितीत कोणी नव्हते. माझे भागीदार गणिताचे निवृत्त प्राध्यापक. पुस्तकातले पीक म्हणजे सममित गाऊस वक्र, पण कॉलममधून (घटक वेगळे करणाऱ्या नळीतून) बाहेर पडणारे पीक बहुधा मागे शेपूट ओढत येते. म्हणून सरांनी गाऊस वक्राला घातांकी उताराची जोड देणारे सूत्र निवडले. त्यात सिग्मा पीकचा पसारा सांगतो, टाऊ शेपटीचा, आणि दोहोंच्या वर्गांची बेरीज म्हणजे पीकचे एकूण प्रचरण (पसाऱ्याचे माप).

तिसऱ्या वर्षी या शेपटीनेच आम्हाला बुडवत आणले. एका मोठ्या कारखान्याच्या नमुन्यात मुख्य पीकच्या शेपटीवर अशुद्धीचे छोटे पीक बसले होते. दुसऱ्या एका प्रयोगशाळेने दोन पीकमधल्या दरीतून सरळ उभी रेघ मारून 0.13 टक्के अशुद्धी कळवली. आमच्या गणिताने 0.08 टक्के दिली. 0.10 टक्क्यांच्या वर गेले की अनेक औषधांत अशुद्धीची ओळख पटवणे भाग पडते, त्यामुळे या फरकाला मोठी किंमत होती. आम्ही ग्राहकाला हवा तो आकडा संगणकातून काढून देतो, असे त्या प्रयोगशाळेने चारचौघांत सांगितले आणि लोकांनी ते मानले. काम थांबले, बिले अडकली, मशीनच्या कर्जाचे चार हप्ते थकले.

चिंचोळी एमआयडीसीत बल्क ड्रगचा (औषधातल्या मूळ घटकाचा) छोटा कारखाना चालवणारे अण्णा तेवढे आमच्याकडे येत राहिले. ते म्हणाले, “सर, वाद कशाला घालता? मी बाटल्या भरून आणतो, तुम्ही आकडे सांगा.” ती अशुद्धी नसलेल्या मालात त्यांनी ती स्वतः मोजून घातली आणि तीन बाटल्यांवर फक्त अ, ब, क लिहिले. आम्ही 0.05, 0.08 आणि 0.11 असे लिहून दिले. अण्णांच्या वहीत 0.05, 0.08 आणि 0.12 होते. उभ्या रेघेने तेच आकडे 0.10, 0.13 आणि 0.17 येत होते, कारण मुख्य पीकच्या शेपटीचे तेवढेच क्षेत्रफळ प्रत्येक वेळी छोट्या पीकच्या खात्यावर जमा होत होते.

तरीही आम्ही गणिताचा आकडा थेट प्रमाणपत्रावर घातला नाही. मुख्य औषधाचा रेणू आम्लारीधर्मी होता आणि कॉलममध्ये भरलेल्या सिलिकावरच्या आम्लधर्मी सिलॅनॉल गटांना चिकटत होता. कॉलममधून वाहणाऱ्या द्रावणातल्या फॉस्फेट बफरचा पीएच 3 च्या खाली आणल्यावर शेपूट आखडली आणि दोन्ही पीक वेगळी झाली. त्या मोठ्या कारखान्याने पुढे हीच पद्धत वापरली, आमचे बिल मात्र आजही अर्धेच दिलेले आहे.

पुढची वर्षे काम नीट चालले. नव्याने या धंद्यात येणाऱ्यांना सांगतो, वक्र बसवण्याआधी सिग्नल गुळगुळीत करू नका, आणि एका पीकवर निदान वीस बिंदू तरी घ्या. एकाच पीकचा टाऊ वाढला असेल तर रसायन तपासा. सगळ्याच पीकचा सारखा वाढला असेल तर आधी कॉलमच्या तोंडाची जोडणी उघडा, कारण नीट न बसलेल्या एका फेरूलपायी (नळीचा जोड घट्ट बसवणाऱ्या छोट्या कडीपायी) चांगला कॉलम टाकून दिलेला मी दोनदा पाहिला आहे.