उंबर, इहीर आणि चार नंबरचं बोअर

मी माती तपासतो म्हटलं की नातेवाईक विचारतात, मग आमच्या डाळिंबाला कुठलं खत टाकू? आता समजावून सांगणं सोडलंय. आम्ही घरं बांधायच्या आधीची माती बघतो, म्हणजे किती खोलीवर किती वजन पेलेल, पावसाळ्यात फुगेल का वगैरे.

साईट सोलापूर रोडच्या बाजूला, रो हाऊसची स्कीम, फेज टू. आराखड्यावर सहा बोअर, म्हणजे रिगने पाडायची तपासणीची भोकं, मार्क केलेले. वर दोन अडीच मीटर काळी, खाली मुरूम, मग खडक, आमच्याकडचं नेहमीचंच. काळीचा फुगवटा बघायला 10 ग्रॅम माती पाण्यात आणि 10 ग्रॅम रॉकेलमधे 24 तास ठेवतात, रॉकेलमधे ती फुगत नाही म्हणून तो फरक बघायचा. रेशनवर रॉकेल मिळायचं तेव्हा बरं होतं, आता त्या बाटलीसाठी लॅबवाला माझ्यावर दरवेळी डाफरतो.

पण खरं काम ठोक्यांचं. 63.5 किलोचा हातोडा 75 सेंटीमीटरवरून सोडायचा, नळी 45 सेंटीमीटर आत जाईपर्यंत ठोके मोजायचे, पहिल्या 15 चे धरायचे नाहीत. ऐकायला सोपं. पण दोर ओढणारी पोरं जेवणानंतर दमतात, 75 चे 55 कधी होतात कळतही नाही, हातोडा कमी उंचीवरून पडला की ठोके जास्त लागतात आणि कागदावर जमीन आहे त्यापेक्षा घट्ट दिसते. म्हणजे पोरांचा आळस बिल्डरच्या फायद्याचा. म्हणून मी रॉडवर खडूने खूण करून स्वतः शेजारी उभा राहतो, माझ्या ऑपरेटरला याचा भयंकर राग येतो, येऊ दे.

चार नंबरच्या जागी उंबराचं झाड आणि त्याला लागून काँक्रीटचे ट्रान्झिट मिक्सर उभे. साईट सुपरवायझर म्हणाला, साहेब रिग जायची नाय तिकडं, दहा मीटर अलीकडं घ्या, माती सगळी सारखीच आहे. आम्ही घेतलं. सगळेच घेतात. तीन मीटरला खडक लागला, झकास, लॉग, म्हणजे बोअरची नोंद, भरला.

संध्याकाळी रिग आवरत होतो तेव्हा शेजारून शेळ्या घेऊन एक म्हातारे बाबा चाललेले. थांबले, उंबराकडे बघून म्हणाले, "आवो सायेब, तिकडं व्हय, तितं इहीर व्हती आमची. परसच्या साली डंपरनी बुजीवली."

दुसऱ्या दिवशी मिक्सर हलवायला लावले. सुपरवायझरने तोंड वाकडं केलं पण हलवले. दीड मीटरनंतर नळी लावली आणि हातोडा चढवायच्या आधीच रॉड आपल्याच वजनाने सरसर खाली गेला, अर्धा मीटर. पोरं हसायला लागली. पाणी सोडलं तर वर परतच येईना, अर्धा टँकर गिळला त्या भोकाने. नळीत काय आलं तर कौलाचा तुकडा, निळं प्लास्टिक, आणि रबरी चपलेचा अंगठा अजून पट्ट्यासकट. असंच साडेनऊ मीटरपर्यंत, मग खडक.

आणि आराखडा पाहिला तर तिथे प्लॉट 11 आणि 12 ची कॉमन भिंत. म्हणजे अर्धं घर खडकावर आणि अर्धं डेब्रिसवर. एकसारखं खचलं असतं तरी एकवेळ चाललं असतं, इथे एकच बाजू बसणार आणि भिंत तिरकी फाटणार.

बिल्डरचा माणूस फोनवर गोड बोलत होता. सर, ते जास्तीचं बोअर रिपोर्टमधे नको ना घ्यायला, बिल सहाचंच, बोअरही सहाच दाखवा. मी सात घातले. उपायही लिहिला, एकतर सगळा भराव काढून खडकापासून भरत या, नाहीतर ती जागा मोकळी ठेवा. मोकळी ठेवायची म्हणजे लेआउट परत मंजुरीला न्यायचा, त्यामुळे ते काय करतील याचा अंदाज मला आहे. पाया आणि सांगाडा ठरवणाऱ्या आरसीसी कन्सल्टंटचा अजून फोन नाही. पैसे पण अडकलेत, ते वेगळंच.

इथपर्यंत मी स्वतःवर खुश होतो. मग रात्री आठवलं, फेज वन पण आपणच केलं होतं. तीन वर्षांपूर्वी, त्याच बाबांच्या भावकीची जमीन. फाईल काढली. पाच बोअर, त्यातल्या दोघांपुढे शेरा, "अडथळ्यामुळे जागा बदलली, 12 मी. पूर्वेस". कसला अडथळा ते लिहिलेलं नाही. अक्षर माझंच. तिथे आज माणसं राहतात, गॅलरीत तुळस, खाली पोरांच्या सायकली.

सातबाऱ्यावर पीकपाण्यात विहिरीची नोंद असते, पण जमीन एनए, म्हणजे बिनशेती, झाल्यावरचा नवा उतारा आम्हाला दाखवतात त्यात काय दिसणार. जुन्या उताऱ्यांच्या नकलेसाठी तहसीलला अर्ज टाकलाय, परत सोमवारी बोलावलंय. काल उगाच फेज वनमधून चक्कर मारून आलो. एका प्लिंथला बारीक चीर दिसली, काळी फुगून येते तशीही असू शकते, उभी होती. वाकून बघत होतो तर एक काकू बाहेर आल्या, म्हणाल्या, गॅसची लाईन टाकणारे का तुम्ही? मी हो म्हणालो आणि निघालो.