वांग्याला भुंगाच हवा

ग्वाल्हेरला थंडी पडली की सरसोंच्या शेतांच्या कडेला मधमाश्यांच्या पेट्या दिसू लागतात, मुरैन्याकडे तर फारच. त्यामुळे आमच्या लष्कर भागात (ग्वाल्हेरची ही एक वस्ती) परागीभवनाचा विषय निघाला की लोकांना त्या पेट्याच आठवतात. पेटीतली ही युरोपीय माशी १९६२ साली हिमाचलातल्या नगरोट्याला भारतात रुजली. सरसोंवर तिचं काम उत्तम. पण गच्चीवरच्या वांग्याला तिचा फारसा उपयोग नाही.

वांग्याचं जांभळं फूल खाली मान घालून असतं. त्यात मध नसतो. पराग पिवळ्या पुंकेसरांच्या आत बंद आणि बाहेर यायला टोकाशी फक्त बारीक भोकं. म्हणजे फूल हादरल्याशिवाय काही मिळायचं नाही. भुंग्याची, म्हणजे लाकूड पोखरून राहणाऱ्या मोठ्या माशीची, मादी येते, पुंकेसरांना घट्ट धरते आणि पंख न फडकवता उडायचेच स्नायू थरथरवते. मीठदाणीतून मीठ सांडावं तसा पराग तिच्या पोटावर पडतो. उडतानाची घूं फुलावर बसताच एकदम वरच्या स्वरात जाते. गाणं ऐकत वाढलेल्या ग्वाल्हेरकराला तर तो फरक लगेच कळेल! निळ्या पट्ट्यांची एक छोटी रानमाशीसुद्धा हे करते. मधमाशीला हे जमत नाही. टोमॅटोचंही असंच.

वांगं स्वतःच्या परागावरही धरतं, वाऱ्याने थोडंफार काम होतं. पण भुंगा येऊन गेला की फळधारणा चांगली होते. काही फुलं मात्र गळणारच: ज्यांची मधली दांडी आखूड असते, ती धरत नाहीत. त्याला औषध मारू नका.

आणि कळकळीने सांगते, जुन्या वाड्यांच्या तुळयांतली, बांबूतली गोल भोकं बुजवू नका. तिथे ती मादी परागाचा गोळा ठेवून त्यावर अंडं घालते, भुशाचा पडदा करते, मग पुढची खोली. नराला नांगी नसते, मादीही धरल्याशिवाय सहसा डसत नाही. शेजारच्या काकू तुळईतल्या भोकात रॉकेल ओतायला निघाल्या होत्या. त्यांना म्हटलं, "काकू, चंपाषष्ठीच्या भरिताची वांगी इथूनच येतात हो." बाटली खाली ठेवली त्यांनी.

भुंगे फिरकत नसतील तर सकाळी उमललेल्या फुलाच्या देठाला बॅटरीवरचा टूथब्रश क्षणभर टेकवा. पराग पडताना दिसतो.