सहल राणीच्या बागेत न्यावी की कातळावर?

दिवाळीची सुट्टी संपली की कोकणातल्या शाळांतून हा प्रश्न हटकून येतो. मुलांना प्राण्यांविषयी आपुलकी वाटावी म्हणून सहल मुंबईला राणीच्या बागेत न्यावी, की घरचाच समुद्र दाखवावा? तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो. दोन्ही चालेल. मात्र एका सकाळी सगळे पिंजरे उरकायचे असतील, तर बागेचा खर्च वाचवा.

बागेत एका गटाला एकच प्राणी द्यायचा. पाच मुलं, वीस मिनिटं, वहीत दर मिनिटाला एक शब्द: झोपला, उठला, हुंगलं, खाल्लं. पहिली पाच-सात मिनिटं मुलं कंटाळतात आणि नेमकं तेव्हाच बाई ‘चला पुढे’ म्हणतात. तेवढा कंटाळा होऊ द्या, त्यानंतरच नजर बसते. सकाळी लवकर पोचा, कारण दुपारी बरेचसे प्राणी सावलीला पडून असतात. आणि बुधवारी बाग बंद असते. पेंग्विनच्या काचेसमोर ‘हे अंटार्क्टिकाचे’ असं सांगू नका. ते हम्बोल्ट पेंग्विन, पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावर बिळांत नाहीतर खडकांच्या कपारीत अंडी घालणारे. त्यांच्या गावी बर्फ नसतो, थंड पाण्याचा प्रवाह असतो.

समुद्राकाठच्या कातळावर जायचं तर आधी कालनिर्णय बघा. आपल्याकडे तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ निघते, हे कुठलाही मच्छीमार सांगेल. अष्टमीला सहाला भरती, बाराला सुकती, म्हणजे ओहोटी. वेळ शाळेला सोयीची दिसते, पण ती भांगाची सुकती, म्हणजे पाणी फारसं मागे हटत नाही, वर डोक्यावर ऊन. अमावास्या-पौर्णिमेला पाणी लांब जातं, पण पहाटे आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास. म्हणून शुद्ध किंवा वद्य द्वितीया ते चतुर्थी गाठावी. तृतीयेला भरती सव्वादोनला, म्हणजे सुकती सकाळी सव्वाआठच्या आसपास. अर्धा तास इकडेतिकडे होतो, तेव्हा सव्वासातला उतरा आणि पाणी फिरलं की निघा. पायांत कॅनव्हासचे बूट हवेतच. कालवांच्या कडा ब्लेडसारख्या कापतात.

दोन मुलांना कातळात पाणी साचलेलं एक डबकं, कढईएवढं पुरे. आपली सावली पाण्यावर पडणार नाही असं बसायचं, नाहीतर मासे कपारीत शिरतात. दोन मिनिटं हलायचं नाही. मग रिकामा वाटलेला शंख चालायला लागतो. आतल्या खेकड्याचं पोट मऊ, त्याला कवच नाही. अंग वाढलं की त्याला मोठा रिकामा शंख शोधावा लागतो. हे डोळ्यांदेखत दिसलं की ‘शंख घरी नेऊ नका’ हे वेगळं ओरडून सांगावं लागत नाही. जिवंत शंख मात्र कुणीही उचलायचा नाही. शंकूच्या आकाराच्या शंखातली गोगलगाय विषारी डंख मारते.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते दगड उलटे टाकल्याने. दगडाखाली ओलीत, अंधारात राहणारे जीव उन्हात सुकून मरतात, आणि वरच्या बाजूचं शेवाळ खाली दबून कुजतं. यात मुलांचा वाईट हेतू नसतो, घाई असते. दगड दोन्ही हातांनी सावकाश उचलायचा, बघायचं, आणि होता त्याच बाजूने, त्याच जागी टेकवायचा. हे शाळेच्या अंगणात विटेवर आधी करून घ्या.

वेळास-आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर अंड्यांतून निघणारी कासवांची पिल्लं बघायला जायचं तर जरूर जा, पण पिल्लं वेळापत्रक पाळत नाहीत. त्या दिवशी एकही निघालं नाही असं होऊ शकतं. मुलांना ते निघण्याआधीच सांगा.

आणि कातळावर एकदा जाऊन भागत नाही. पंधरवड्याने, पुढच्या तृतीयेला, त्याच जोडीला त्याच डबक्याशी बसवा. खूण म्हणून खडकाला रंग फासू नका. पहिल्याच दिवशी वहीत नकाशा काढून घ्या: कुठल्या खडकापासून, कुठल्या दिशेला, किती पावलं.