मापांची वही

कुणी वारलं की तेराव्यानंतर दोन-चार दिवसांत आमच्या ग्रंथालयाचा फोन वाजतो. "पुस्तकं आहेत, न्यायला येता का?" पाहुणे पांगलेले असतात, माळा रिकामा करायचा असतो आणि रद्दीवाल्याला द्यायला जीव होत नाही, म्हणून आम्ही. पोत्यात निघतं काय, तर दहावीची गाईडं, कव्हरं गेलेले दिवाळी अंक, वास्तुशास्त्र, आणि लग्नात आहेर म्हणून आलेला एकच ग्रंथ तीनदा. वर अट असते की कपाटावर वडिलांच्या नावाची पाटी हवी. नाही म्हणायची सोय नसते, कारण देणगीदार हमखास कार्यकारिणीतल्या कुणाचा तरी मेव्हणा निघतो.

आमच्या नेहमीच्या वाचक आजी गेल्या आणि त्यांच्या मुलीचा फोन आला तेव्हा मात्र मी शिपायाला घेऊन त्याच दुपारी गेले.

आमचं ग्रंथालय साताऱ्याकडच्या एका तालुक्याच्या गावचं. 1967 च्या कायद्याखाली राज्यातल्या सार्वजनिक ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत, त्यात आम्ही 'ब'. वर्गाप्रमाणे अनुदान आणि अनुदान आलं की पगार. बाहेरच्या माणसाला एवढं कळलं तरी पुरे.

आजींचे यजमान एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. ते गेले तेव्हा ही मुलगी चौथीत होती आणि पाठची दोन भावंडं त्याहून लहान. आजींनी शिलाई मशीन घेतलं आणि ब्लाउज शिवून तिघांना शिकवलं. मुलगी नर्स झाली, तिच्या रात्रपाळ्यांमुळे दोन्ही नातवंडं आजींच्या मशीनखाली चिंध्यांत खेळत वाढली. हे सगळं दहाव्याला घाटावर बोललं गेलं होतं. शेवटी कुणीतरी म्हणालं, "वाचनाचीही आवड होती." एखाद्याला गोडाची आवड असते तशी.

मी त्यांना ओळखत होते ती देवघेवीच्या टेबलावरून. एक दिवसाआड, चारच्या सुमाराला, खांद्यावर कापडी पिशवी. दोन पुस्तकं परत, दोन नवीन. निवडताना प्रश्न विचित्र असायचे. "यात शेवटी बाई मरते का? मरत असेल तर आत्ता नको." किंवा, "अक्षर मोठं असलेलं द्या, आणि पातळ. लपवायला सोपं." मी हसायचे. म्हाताऱ्या माणसाला पुस्तक कुणापासून लपवायचंय, असं वाटायचं.

घरात पुस्तकं फार नव्हती. दोन फळ्या भरतील एवढी. कडूनिंबाचा पाला आणि वेखंडाचे तुकडे मधेमधे ठेवलेले, कसरीचं नाव नाही. मी एक पुस्तक काढलं. पुस्तक फळीतून काढताना डोक्याला बोट लावून ओढलं की पाठ फाटते. शेजारची दोन मागे ढकलून मधलं कमरेला धरायचं असतं. हे मी वाचकांना सांगून थकले आहे. या फळीवरच्या एकाही पुस्तकाची पाठ फाटलेली नव्हती. नावाचं पान गेलेलं होतं म्हणून मी सवयीनं आमचं गुप्त पान उघडलं. प्रत्येक ग्रंथालयाचं एक ठरलेलं पान असतं, त्यावर आतल्या बाजूला शिक्का आणि दाखल क्रमांक असतो. कोणतं, ते सांगायचं नसतं. शिक्का आमचाच होता. त्याच्यावर 'बाद' असा दुसरा शिक्का.

म्हणजे आम्ही निर्लेखित करून रद्दीत घातलेली पुस्तकं होती ती. आजींनी रद्दीवाल्याकडून किलोवर विकत घेतलेली. जवळजवळ सगळी.

आणि काय बांधलेली! आमचा बाइंडर पाठीवर गोंद थापतो, पुठ्ठा चिकटवतो आणि कटिंग मारताना समासातली अक्षरंही कापतो. आजींनी जुना गोंद खरवडून जुजं, म्हणजे दुमडलेल्या पानांचे जुडगे, सुटी केली होती. प्रत्येक जुजाच्या दुमडीला पातळ कागदाची पट्टी, मग मेण लावलेल्या दोऱ्यानं शिवण. पाठीला टू बाय टूच्या उरलेल्या तुकड्यांची पट्टी. हे कापड पातळ पण विणीला घट्ट असतं, सांध्याला याहून चांगलं काही मिळायचं नाही. त्यामुळे फळीवर पोपटी, डाळिंबी, मोरपंखी अशा पाठींची रांग होती. मैद्याच्या खळीत मोरचूद घातलेला होता, कडेला निळसर झाक दिसत होती. पुठ्ठा वाकू नये म्हणून रात्रभर पाट्याखाली दाबून ठेवायची, असं मुलीनं सांगितलं. सेलोटेप कुठेही नाही. सेलोटेपनं या देशातली जितकी पुस्तकं मारली तितकी वाळवीनंही मारली नसतील: आधी पिवळी पडते, मग सुटते आणि सुटताना अक्षरं घेऊन जाते.

तळाच्या फळीवर ती वही होती. लांबट, लाल कापडी पाठीची, दुकानदार खतावणीला वापरतात तसली. पहिली तारीख 1984 ची. उघडली तर मापं. उंची 14, छाती 36, बाही 5, मागचा गळा 7. मी मिटून मुलीकडे देणार, तेवढ्यात मापांच्या खाली आमचेच दाखल क्रमांक दिसले.

प्रत्येक बाईचं एक पान. वर मापं, खाली पुस्तकं: दिलं, आलं, शेरा. "अर्धं वाचलं, पुढचं मलाच सांगायला लावलं." "सातवा महिना. बाजूला दाबून ठेवलंय, सोडता येईल. रडवणारं देऊ नये." "मालकांनी पाहिलं. महिनाभर नको." "दोनदा नेलं. तिसऱ्यांदा मागते." आजी दोन पुस्तकं न्यायच्या आणि त्या दोन दिवसांत ती चार घरं फिरायची. माप द्यायला आलेली बाई जाताना वर्तमानपत्रात गुंडाळलेला ब्लाउज न्यायची, त्याच्या घडीत पुस्तक असायचं.

मुलगी म्हणाली, "मॅडम, आम्ही लहान होतो तेव्हा वाटायचं, एका ब्लाउजला ह्या तीन-तीनदा कशाला येतात? आई इतकं चुकीचं शिवते का?"

आमच्या सभासद अर्जाच्या मागे छापलंय, 'पुस्तक दुसऱ्यास वाचावयास देऊ नये.' कार्यकारिणीतले एक सदस्य मागे कधीतरी म्हणालेही होते की या बाईंच्या एका वर्गणीत अख्खी आळी वाचते, चौकशी करा. या गृहस्थांनी स्वतः पुस्तक नेल्याला किती वर्षं झाली हे मी सांगत नाही. वर्गणीचा प्रश्न त्या घरांमध्ये नव्हताच, बहुतेक खाऊनपिऊन सुखी घरं. सुनेनं भर बाजारातून ग्रंथालयात जायचं आणि पुरुषांच्या वाचनकक्षातून कपाटापर्यंत पोचायचं, ते जमणारं नव्हतं. आम्ही दर 12 ऑगस्टला भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांच्या फोटोला हार घालतो आणि त्यांच्या 1931 च्या पाच सूत्रांवर भाषण ऐकतो: प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. वाचनकक्षाचं दार कुठल्या बाजूला असावं, यावर मात्र इतक्या वर्षांत कुणी बोललेलं नाही.

मुलीनं वही माझ्या हातात दिली. "तुम्हीच ठेवा. तुम्हाला कळेल काय करायचं." मला कळलेलं नाही, म्हणून हे लिहितेय.

आमच्या अध्यक्षांना मी उत्साहाच्या भरात सांगितलं. ते वाईट गृहस्थ नाहीत, गळकं छत त्यांच्यामुळेच दुरुस्त झालं. ते म्हणाले, वही वर्धापनदिनाला काचेच्या पेटीत ठेवू, पत्रकारांना बोलावू, केवढी मोठी गोष्ट आहे. मी म्हटलं, साहेब, निम्म्या गावातल्या बायकांची मापं आहेत तीत. ते म्हणाले, मापांवर कागद लावू.

मापं झाकली तरी शेरे राहतात. वहीत नाव एकही नाही. 'गिरणीवाल्यांची मोठी', 'पोस्टामागची', 'मास्तरांची दुसरी' एवढंच. पण गावाला ओळखायला नावं कधी लागली? त्यातल्या कित्येकजणी आज सासवा आहेत, दोघी नगरसेविका होऊन गेल्या. कुणाच्या मालकांनी काय पाहिलं आणि महिनाभर पुस्तक का बंद झालं, हे काचेआड मांडायचं?

आमच्याकडे संगणक येईपर्यंत पुस्तकांच्या देवघेवीची ब्राऊन पद्धत होती. नीना ब्राऊन या अमेरिकन ग्रंथपाल बाईंनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बसवलेली. वाचकाला एक छोटा खिसा, पुस्तकात एक कार्ड. पुस्तक गेलं की कार्ड वाचकाच्या खिशात, खिसा ट्रेमध्ये तारखेमागे. पुस्तक आलं की कार्ड परत पुस्तकात आणि खिसा वाचकाच्या हातात. त्या क्षणी दोघांचा संबंध संपला. कोणी काय वाचलं याचा मागमूस राहत नाही. मला हे त्या पद्धतीचं सगळ्यात मोठं देखणेपण वाटतं. आताच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळं कायमचं राहतं आणि एखादा नवरा येऊन "आमच्या हिनं काय काय नेलंय?" असं सहज विचारतो. मी सांगत नाही. माझ्या जागी दुसरं कोणी असेल तर सांगेल.

आजींनी नोंद ठेवली, कारण त्यांना पुढचं पुस्तक निवडायचं होतं. कुणी पाहावी म्हणून ठेवली नव्हती. असं मी स्वतःला सांगते आणि मग वाटतं, फाडून टाकायची असती तर त्यांनी टाकली असती. शेवटची दोन वर्षं अंथरुणाला होत्या, वेळ भरपूर होता.

नात पुण्यात नोकरी करते. तिला वही हवी आहे. हक्कही तिचाच म्हणायला हवा, आज्जीच्या मांडीवर ती अक्षर शिकली. पण ती म्हणाली, "मी सगळी पानं स्कॅन करून टाकणार, लोकांना कळू दे आज्जी काय होती." अध्यक्षांची काचेची पेटी निदान गावापुरती होती.

आणखी एक पान आहे. 'बँकेसमोरच्या वाड्यातली.' तो वाडा आमचा. ते माप माझ्या सासूबाईंचं. खाली अकरा पुस्तकं आणि शेरा: "न्हाणीघरात वाचते. परत देताना पानं ओली. काही बोलले नाही." या सासूबाई माझ्या नोकरीबद्दल पहिल्यापासून म्हणत आल्या आहेत की पुस्तकांवरची धूळ झटकायला डिप्लोमा कशाला लागतो. मी त्यांना अजून विचारलेलं नाही. जेवायला वाढताना दोनदा तोंडाशी आलं होतं.

देणगीच्या पावतीवर मी बाकीची पुस्तकं लिहिली, वही लिहिली नाही. दाखल नोंदवहीत क्रमांक पडल्याशिवाय कुठलीही वस्तू ग्रंथालयाची होत नाही, असं अध्यक्षांना सांगितलं. त्यांनी विचारलं, मग ती कुणाची? मी म्हटलं, तपासून सांगते. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर त्यांनी पाचवा विषय घातलाय: 'कै. आजींच्या वहीबाबत निर्णय घेणे.' सहाव्या विषयात बाइंडरच्या बिलाची मंजुरी आहे. त्या विषयावर मी काय बोलणार ते ठरलेलं आहे. बोलताना मोरपंखी पाठीचं पुस्तक टेबलावर ठेवणार आहे. पाचव्यावर अजून काही ठरलेलं नाही.