भिंत नव्हे, सांधा तपासा

आजचा सगळा दिवस मातीच्या धरणाखालच्या कटऑफ भिंतीच्या, म्हणजे पायाखालून झिरपणारं पाणी अडवणाऱ्या जमिनीतल्या भिंतीच्या, आराखड्यात गेला. चर्चा काँक्रीटच्या ताकदीवर रंगते, पण पाणी वाट शोधतं ते दोन पॅनेलच्या, म्हणजे एकेक करून ओतलेल्या भिंतीच्या तुकड्यांच्या, सांध्यात. साधं गणित बघा. भिंत ८० सेंमी जाड, खोली ६० मीटर, उभ्या रेषेपासून विचलन ०.५ टक्के. म्हणजे तळाशी ३० सेंमी. शेजारची दोन पॅनेल विरुद्ध बाजूंना सरकली तर सांध्यात २० सेंमीच जाडी उरते. १ टक्का विचलनात तर तळाशी सरळ खिडकीच!

खोदताना चर भरून ठेवणाऱ्या बेंटोनाइट स्लरीची (चिकणमातीच्या पातळ गाऱ्याची) पातळी भूजलाच्या किमान मीटरभर वर हवी, नाहीतर चर ढासळतो. काँक्रीट ओतण्याआधी स्लरीतली वाळू काढायलाच हवी; ती तळाशी बसली की खडक आणि भिंतीच्या मध्ये झिरपणारा थर तयार होतो. ट्रेमी पाइपचं (काँक्रीट तळाशी सोडणाऱ्या नळीचं) टोक सतत दोनेक मीटर काँक्रीटमध्ये बुडालेलं ठेवायचं. घाईत वर ओढला की स्लरी आत शिरलीच.

प्लास्टिक काँक्रीट, म्हणजे बेंटोनाइट मिसळलेलं काँक्रीट, मुद्दाम मऊ ठेवतात, कारण भोवतालची माती खचते आणि ताठ भिंतीला तडे जातात. जास्त ताकद मागणाऱ्यांना हे पटवणं अवघड!

आणि भिंत अर्धवट खोल नेऊन भागत नाही. अमेरिकेतल्या वुल्फ क्रीक धरणाच्या चुनखडीत १९७० च्या दशकातली भिंत पुरेशी खोल गेली नव्हती. दुसरी, अधिक खोल भिंत २०१३ मध्ये पूर्ण झाली.