तासाला चार, की तासाला एक?

रविवार, रात्री उशिरा

महिनाअखेर. पोकरच्या बँकरोलची, म्हणजे खेळासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांची, वही उघडायचा दिवस. रकाने सहाच: तारीख, तास, बिग ब्लाइंड (डावाआधी लावायची सक्तीची रक्कम, मेजाचं मापही तीच), आत गेलेले पैसे, बाहेर आलेले पैसे, खर्च. एवढं इमानदारीनं भरलं तरी पुरतं. घोळ होतो तो यातून निघालेल्या एका आकड्यावर भलताच भरवसा ठेवल्यानं.

उदाहरण समोर ठेवूनच विचार करू. बिग ब्लाइंड 100 रुपये, बाय-इन (मेजावर बसताना घ्यायचे पैसे) 10,000, म्हणजे 100 बिग ब्लाइंड. 200 तासांची नोंद. सरासरी कमाई तासाला 4 बिग ब्लाइंड, प्रमाण विचलन (निकाल सरासरीच्या किती वर-खाली होतो त्याचं माप) तासाला 50. प्रत्यक्ष मेजावर तासाला तीसेक हात (डाव) होतात, तेव्हा 50 हा आकडा वावगा नाही. तो काढायचा असा: प्रत्येक सत्राच्या निकालातून (4 × त्या सत्राचे तास) वजा करायचे, उरलेल्याचा वर्ग करायचा, त्याला त्या सत्राच्या तासांनी भागायचं. सगळ्या सत्रांची सरासरी घेऊन वर्गमूळ. चार तासांचं सत्र आणि अकरा तासांचं सत्र एकाच मापानं मोजलं की हा आकडा फसतो, म्हणून तासांनी भागणं विसरायचं नाही.

आता केली सूत्र: भांडवल सर्वांत वेगानं वाढावं म्हणून त्यातला किती भाग जोखमीला लावायचा. बेल लॅब्समधल्या जॉन केलीनं 1956 साली हे गणित मांडलं आणि गणितज्ञ एडवर्ड थॉर्पनं ते ब्लॅकजॅकच्या मेजावर नेलं. पोकरवाले इथे पहिली चूक करतात ती कॅल्क्युलेटर निवडताना. सट्ट्याच्या कॅल्क्युलेटरात जिंकायची शक्यता 60 टक्के आणि बरोबरीचा भाव टाकला की तो म्हणतो, 20 टक्के लावा. ते उत्तर हातातल्या पत्त्यांना लावून उपयोग नाही. पॉटमध्ये (डावात जमणाऱ्या पैशांत) किती टाकायचं हे पॉटचा आकार, समोरचा खेळाडू आणि पुढचे पत्ते ठरवतात. केलीचा निर्णय त्याआधी, कोणत्या मेजावर बसायचं तिथेच, होऊन गेलेला असतो. म्हणून इथे सूत्राचं दुसरं रूप लागतं: पूर्ण केलीसाठी लागणारा बँकरोल म्हणजे विचलनाचा वर्ग भागिले कमाईचा दर. 2500 भागिले 4, म्हणजे 625 बिग ब्लाइंड. सव्वासहा बाय-इन.

सव्वासहा! कोणीही अनुभवी माणूस हसेल, आणि बरोबरच हसेल. पूर्ण केलीनं खेळलं तर बँकरोल कधी ना कधी निम्मा होण्याची शक्यता निम्मी असते. अर्ध्या केलीनं, म्हणजे दुप्पट बँकरोल राखून, हीच शक्यता आठातली एक होते आणि वाढीचा वेग तीन चतुर्थांश उरतो. सौदा चांगला आहे. म्हणून बहुतेक जण अर्ध्या केलीवर थांबतात: 1250 बिग ब्लाइंड, सव्वा लाख रुपये.

पण त्या 4 च्या खाली काय आहे? 200 तासांनंतर सरासरीतली प्रमाण त्रुटी (अंदाज साधारण किती चुकू शकतो ते) 50 भागिले √200, म्हणजे साडेतीनच्या वर. खरा दर 4 असेल, 1 असेल, उणेही असेल. वही यातलं काहीच नाकारत नाही. तोच सव्वा लाख घेऊन बुडण्याची शक्यता काढून पाहू. सूत्र: e चा घात उणे (2 × दर × बँकरोल ÷ विचलनाचा वर्ग). दर 4 असेल तर 1.8 टक्के. 2 असेल तर 13.5. आणि 1 असेल तर जवळपास 37 टक्के. शिवाय दर 1 असताना 1250 बिग ब्लाइंड म्हणजे केलीच्या दुप्पट जोखीम, आणि दुप्पट केलीवर वाढ शून्य होते. माणूस जिंकणारा खेळाडू असतो, तरी त्याचं भांडवल लांबच्या पल्ल्यात जागच्या जागी राहतं. टेबलावर दोष कोणाचाच नसतो, भागाकारातला एक आकडा तेवढा फुगलेला असतो.

उपाय आहे, आणि तो बँकरोलला नाही, आधी दराला लावायचा. आकडा शून्याकडे ओढायचा. शून्य का? रेक (मेज चालवणाऱ्याचा वाटा) कापल्यावर मेजावरच्या सरासरी खेळाडूचा दर उणेच असतो. वही ठेवणाऱ्याला जरा झुकतं माप देऊन शून्य धरू. खेळाडू-खेळाडूंच्या दरांतला फरक (त्याचं प्रमाण विचलन) अडीच बिग ब्लाइंड धरू. हा अंदाज आहे, पण न धरण्यापेक्षा बरा. अडीचचा वर्ग 6.25, प्रमाण त्रुटीचा वर्ग 12.5. मग वहीतल्या दराला वजन येतं 6.25 भागिले (6.25 + 12.5), म्हणजे एक तृतीयांश. 4 चे झाले 1.33. पूर्ण केली 1875, अर्धी केली 3750 बिग ब्लाइंड. साडेबारा बाय-इनचे साडेसदतीस झाले! 800 तासांची नोंद असती तर वजन दोन तृतीयांश झालं असतं आणि तोच दर 2.67 धरता आला असता. ऑनलाइन खेळात एवढे हात काही आठवड्यांत भरायचे, पण 2025 च्या कायद्यानं देशात पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली. प्रत्यक्ष मेजावर 800 तास म्हणजे आठवड्याला दहा तास धरले तरी दीड वर्ष.

बुडण्याचं सूत्र माणूस कधीच खालच्या मेजावर जात नाही असं मानतं. केली उलट प्रत्येक तोट्यानंतर आपोआप खाली उतरतो. व्यवहारात पायऱ्या दुपटीच्या असतात, त्यामुळे चढायची आणि उतरायची रेघ वेगळी ठेवावी लागते, नाहीतर आठवड्यात चारदा जिना. वरच्या मेजाचे 40 बाय-इन झाले की चढा, चालू मेजाचे 25 उरले की उतरा. अडचण अशी की खालचं मेज कित्येकदा लागलेलंच नसतं. मग कमी बाय-इननं बसणं, आपल्या नफा-तोट्यातला हिस्सा विकणं (40 टक्के विकले की लागणारा बँकरोलही 60 टक्क्यांवर येतो) किंवा बोर्ड (मेजावरचे सामाईक पत्ते) दोनदा काढून पॉट वाटून घ्यायला तयार होणं, एवढंच हाती राहतं. आणि सगळ्यांनी मिळून 200 चा स्ट्रॅडल (पत्ते पाहण्याआधीच लावायची जादा रक्कम) सक्तीचा केला तर बिग ब्लाइंड 200 झाला, पाटीवर काहीही लिहिलेलं असो. बँकरोल तिथल्या तिथे निम्मा धरायचा.

स्टॅक (मेजावरचे आपले पैसे) फुगतो तेव्हाही हेच. पोकरपटू ख्रिस फर्ग्युसननं शून्यापासून 10,000 डॉलरपर्यंत जाताना नियम ठेवला होता: बाय-इन बँकरोलच्या 5 टक्क्यांवर नाही, आणि मेजावरचे पैसे 10 टक्क्यांच्या वर गेले की ब्लाइंड येण्याआधी उठायचं. जिंकत असताना उठणं जिवावर येतं, म्हणून नियम लेखी हवा.

राहिला सहावा रकाना. पुण्या-मुंबईहून गोव्याच्या कॅसिनोत जाऊन शनिवार-रविवारी 20 तास खेळ. दर खरोखर 4 असला तरी कमाई 8,000. प्रवास, खोली, प्रवेशशुल्क मिळून 6,000 धरले तर उरले 2,000, म्हणजे तासाला एक बिग ब्लाइंड. विचलन तेच राहिलं, दर चौथाई झाला, म्हणजे पूर्ण केलीलाच 2500 बिग ब्लाइंड. वर कर. पत्त्यांच्या जिंकण्यावर सरसकट 30 टक्के, अधिक उपकर, आणि हरलेले वजा होत नाहीत. दहा सत्रांत प्रत्येकी 15,000 जिंकले, दहांत प्रत्येकी 11,000 हरले: निव्वळ 40,000. प्रत्येक सत्र स्वतंत्र धरलं तर कर 1,50,000 वर, म्हणजे 45,000.

तेव्हा पुढच्या पानावर दोन रकाने वाढवायचे: सत्रनिहाय कर आणि खर्चानंतरचा दर. भागाकार त्याच दरानं करायचा. तो शून्याच्या खाली आला तर केलीचं उत्तर कोणत्याही बँकरोलला एकच असतं: बसू नका.