बसस्थानकाचं नूतनीकरण: आधी फक्की मारा, मग नकाशा काढा

सूचनापेटी ठेवली की चिठ्ठ्या येतात त्या एकाच मजकुराच्या: 'स्वच्छता हवी.' त्यातून नकाशा निघत नाही. चोपडा, शहादा, अमळनेरसारख्या गावात बाजाराच्या दिवशी, सकाळी पासवाली पोरं येतात तेव्हा आणि शेवटच्या मुक्कामी गाडीच्या वेळेला फलाटावर उभं राहून विचारा: कुठं उभे राहता, सावली कुठवर येते, गाडीची पाटी दिसते का?

सर्वात कामाची माणसं चालक-वाहक. प्रस्तावित फलाट आवारात फक्कीने, म्हणजे मैदान आखायच्या पांढऱ्या भुकटीने, आखा आणि खरी बस आणून लावायला सांगा. बस साधारण 11 ते 12 मीटर लांब. मागे घेताना शेजारच्या गाडीला घासणार असेल तर ते तिथंच कळतं, काँक्रीट पडल्यावर नाही.

गाड्या उभ्या राहतात तिथं डांबर नकोच. गळणारं डिझेल डांबर विरघळवतं, त्यात खानदेशचा 45 अंशांचा उन्हाळा, मग चाकाखाली चाकोऱ्या पडतात नि पावसात डबकी साचतात. काँक्रीटच हवं, उतार फलाटाकडून गटारीकडे.

फलाट पश्चिमेला उघडा असेल तर दुपारी तीननंतर छत असून नसल्यासारखं. बाकडी आत सरकवा किंवा जाळीची भिंत घाला. रॅम्पला 1:12 उतार, म्हणजे 15 सेंटिमीटर चढायला 180 सेंटिमीटर लांबी. तेवढी जागा नेमकी रसवंतीवाल्याकडे गेलेली असते.

महिलांच्या स्वच्छतागृहाचं दार मात्र अंधाऱ्या बोळात नको, चौकशी खिडकीवरून दिसेल असं ठेवा.